उन्हाळ्यात भाजीची बाग आणि ग्रीनहाऊस: झाडं मान का टाकतात आणि आपण नेमकं काय करायचं

भर दुपारी काकडीची, दुधीची मोठमोठी पानं अशी लुळी पडतात की बघणाऱ्याला वाटतं झाड गेलंच, आणि मग माणूस हातातलं सगळं टाकून पाइप घेऊन धावतो. खरं तर बऱ्याच वेळा त्या झाडाला त्या क्षणी पाणी नकोच असतं. माती बोटभर खाली ओली असते, मुळं ठणठणीत असतात आणि संध्याकाळी ऊन उतरलं की तीच पानं कुणी काही न करता परत ताठ होतात. आता हेच पान सकाळी सात वाजता पण लोंबत असेल तर मात्र गडबड आहे, एकतर माती आतपर्यंत सुकलीय किंवा उलट इतकं पाणी साचलंय की मुळं कुजायला लागलीत. म्हणजे दिसायला सगळं सारखंच, कारणं तीन, आणि इलाज तिन्हीचे वेगळे. उन्हाळ्यात बागेतली जवळजवळ सगळी कामं, पाणी, मल्चिंग, सावली, ग्रीनहाऊसच्या खिडक्या, इतकंच काय टोमॅटोचं बूड काळं पडणं आणि काकडी कडू निघणं सुद्धा, झाडातून पाणी कसं वर जातं आणि कसं बाहेर पडतं याच्याशी येऊन टेकतात. म्हणून आधी तेवढं समजून घेऊ, मग कामांकडे वळू.

झाड मुळातून जेवढं पाणी उचलतं त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पानांतून वाफ होऊन उडून जातं, स्वतःच्या वाढीसाठी ते अगदी थोडंसं ठेवतं. पानाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, रंध्रं म्हणतात त्यांना, ती उघडली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेनं पाणी बाहेर जातं. पाणी वरून उडालं की खालचं पाणी वर ओढलं जातं, स्ट्रॉनं ओढल्यासारखं, झाडाला त्यासाठी वेगळी ताकद लावावी लागत नाही. या उडणाऱ्या पाण्याबरोबर पानाची उष्णता पण जाते म्हणून उन्हातलं जिवंत पान हाताला गार लागतं आणि शेजारचा दगड चटका देतो. अडचण एवढीच की हवा फार गरम आणि कोरडी झाली की पाणी वरून उडण्याचा वेग मुळांच्या उचलण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो, मग पान ढिलं पडतं, झाड रंध्रं मिटून घेतं, पाणी वाचतं पण मग कार्बन डायऑक्साइड पण आत येत नाही आणि पान तापायला लागतं. म्हणजे दुपारी झाड दुकान बंद करून बसलेलं असतं, त्यावेळी त्याला खत घाला, पाणी घाला, फारसं काही होत नाही.

हवा किती तहानलेली आहे हे नुसत्या टेम्परेचरवरून कळत नाही. २० अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना ३० ग्रॅम, आणि ४० अंशांना ५१ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सकाळची दमट हवा तीच असली, तिच्यातली वाफ तेवढीच असली, तरी दुपारी ती तापली की तिची ओढ कितीतरी पटीनं वाढते. म्हणून ३२ अंशांचा कोरडा वाऱ्याचा दिवस झाडाला ३५ अंशांच्या दमट दिवसापेक्षा जड जाऊ शकतो, आणि वारा असेल तर पानाभोवतीची दमट हवा सारखी उडून जाते म्हणून अजून जड. पाण्याचं वेळापत्रक कॅलेंडरवर लावून मोकळं होणारे लोक इथेच फसतात, कारण झाडाला सोमवार-गुरुवार कळत नाही, त्याला वारा कळतो.

आता पाणी कधी आणि किती. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आधी, कारण रंध्रं उघडायची वेळ तीच आणि दिवसभराचा साठा मुळाशी तयार राहतो. संध्याकाळी दिलेलं पाणी वाया जात नाही, कोरड्या हवेत ते चालतं पण, फक्त पानं रात्रभर ओली राहिली तर करप्यासारख्या बुरशीला आयतं आमंत्रण मिळतं, त्यामुळे संध्याकाळी द्यायचंच असेल तर बुडाशी, मातीवर. किती द्यायचं याचा हिशोब फार सोपा आहे आणि तरी कुणी करत नाही. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. भाजीच्या वाफ्याला साधारण गरम हवेत आठवड्याला २५ मिलिमीटरच्या आसपास लागतं असं धरतात, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर, आणि कडक कोरड्या उन्हाळ्यात याच्या दीडपट-दुप्पट पण जाऊ शकतं. झारीनं दोन मिनिटं शिंपडून वरची माती काळी दिसली म्हणून समाधान मानणारा माणूस यातलं किती देतो ते एकदा झारी मोजून बघावं.

रोज थोडं थोडं देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर दिलेलं चांगलं, जमिनीतल्या झाडांना तरी. रोजचं शिंपडलेलं पाणी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच राहतं, मुळं पण तिथेच घोटाळत राहतात, आणि नेमका तोच थर दुपारी सगळ्यात जास्त तापतो. पाणी वीतभर खाली गेलं तर मुळं पण खाली जातात आणि खालची माती गार असते. रेताड माती असेल तर ती धरून ठेवत नाही, तिथे अंतर कमी करावं लागतं, चिकण माती असेल तर पाणी हळू सोडावं लागतं नाहीतर वरून वाहून जातं. आळं करून त्यात सोडा, ठिबक लावा, काहीही करा, पण पाणी दिल्यावर तासाभरानं एका कोपऱ्यात खुरपीनं उकरून बघा ओल कुठपर्यंत गेलीय, याच्याइतकी खरी माहिती कुठलं मीटर देत नाही. आणि पुढचं पाणी वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर आहे पण हाताला चिकटत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टोचला तर फुटतो, त्या सुमाराला. मुळांना पाण्याइतकीच हवा पण लागते, सततच्या चिखलात ती गुदमरतात.

एक ऐकीव गोष्ट इथेच निकालात काढू. पानावर पाण्याचा थेंब राहिला की तो भिंगासारखं काम करून पान जाळतो असं सगळीकडे सांगतात. हंगेरीतल्या संशोधकांच्या एका गटानं हे तपासलं आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केलं, गुळगुळीत पानांवर थेंब टेकून बसलेला असतो तिथे प्रकाश पानाच्या बऱ्याच खाली एकवटतो, पान जळत नाही, फक्त दाट मेणचट लव असलेल्या पानांवर, जिथे थेंब लवेवर उचलून धरला जातो, तिथे डाग पडू शकतो असं त्यांना दिसलं. त्यामुळे अगदी दुपारीच झाड खरंच सुकलेलं सापडलं, माती आतून कोरडी आहे, तर पाणी द्या, संध्याकाळची वाट बघू नका. फक्त उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी कढत असतं, ते बाजूला सोडून द्या, भाजतं ते त्यानं.

मल्चिंग म्हणजे माती झाकणं, हे उन्हाळ्यातलं सगळ्यात कमी कष्टाचं आणि सगळ्यात जास्त फायद्याचं काम असं माझं ठाम मत आहे. उघड्या मातीवर ऊन थेट पडतं, वरचा थर तापतो, पाणी पानातून न जाता मातीतूनच उडून जातं, म्हणजे झाडाच्या उपयोगाचं राहिलंच नाही. त्यावर वाळलेला पाला, गवत, काड, भुसा काहीही ५ ते ८ सेंटिमीटर जाड पसरलं की ऊन मातीपर्यंत पोचत नाही, तण पण दबून राहतं. दोन पथ्यं पाळायची, एक म्हणजे आधी माती भरपूर भिजवून मग झाकायची, कोरडी माती झाकली तर पुढचं थोडंथोडं पाणी आच्छादनच पिऊन टाकतं. दुसरं, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडायची नाहीतर खोड कुजतं. लॉनचं ताजं कापलेलं गवत वापरत असाल तर पातळ थर, वाळला की दुसरा, एकदम जाड टाकलं तर ते आतून तापतं, लगदा होतो, वास मारतो. झाकायच्या आधी तण काढून घ्या अर्थातच, आणि तण काढायचं ते कोरड्या उन्हाच्या सकाळी, उपटलेलं तिथेच सुकून मरतं, ओल्या मातीत तेच परत मूळ धरतं.

कुंडीतली झाडं वेगळा विषय आहे. जमिनीला खोली असते, कुंडीला नसते, आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू इतकी तापते की त्या बाजूची मुळं मरून जातात, वरून झाड नुसतं आजारी दिसतं आणि कारण कळत नाही. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा म्हणजे एकीची सावली दुसरीवर, किंवा छोटी कुंडी मोठ्या रिकाम्या कुंडीत बसवा, किंवा उन्हाकडच्या बाजूला नुसतं फळकूट उभं करा, एवढ्यानं फरक पडतो. पाणी दिलं आणि ते लगेच खालच्या भोकातून आलं म्हणजे कुंडी भिजली असं नाही. मिश्रण एकदा कडक सुकलं की ते आक्रसतं, कडेला फट पडते, पाणी त्या फटीतून सरळ खाली आणि मधला गड्डा कोरडाच. अशी कुंडी उचलून हलकी लागते. तिला पाण्याच्या टबात अर्धा-पाऊण तास बसवायची, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढायची. मोठं टोमॅटोचं झाड कडक दिवसात एक-दोन लिटर आरामात पितं, त्यामुळे लहान कुंडीत त्याला दिवसातून दोनदा द्यावं लागलं तर नवल नाही, खरा इलाज मोठी कुंडी.

आता त्या काळ्या बुडाकडे येऊ, कारण इथे लोक हमखास चुकीचं औषध करतात. टोमॅटोच्या, कधी मिरचीच्या फळाच्या खालच्या टोकाला तपकिरी, मग काळा, चामड्यासारखा खोलगट डाग पडतो. हा रोग नाही, किडीचं काम नाही, फळाच्या त्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही एवढंच. मग लोक अंड्याची टरफलं घालतात, चुना घालतात. पण बहुतेक मातीत कॅल्शियम पुरेसं असतं, ते जातं मात्र पाण्याच्या प्रवाहाबरोबरच, आणि प्रवाह जातो जिथून पाणी उडतंय तिकडे, म्हणजे पानांकडे. फळातून पाणी फार कमी उडतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला आधीच थोडं येतं, त्यात दोन दिवस माती सुकली की फळाचा वाटा पहिला कापला जातो, आणि फळाचं टोक तर सगळ्यात शेवटी. म्हणून उपाय एकच, पाणी सारखं ठेवा, मधे कोरडं पडू देऊ नका. शिवाय खतातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, जास्त झालं की पानांचा पसारा वाढतो आणि ते पाणी आपल्याकडे खेचतात, ते पण टाळा. डाग पडलेली फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत, पुढची चांगली येतील. फळं तडकणं हे याचंच दुसरं टोक, बरेच दिवस कोरडं ठेवून मग एकदम भरपूर पाणी मिळालं की आतला गर फुगतो आणि सालीला तेवढं ताणता येत नाही.

काकडीचा कडूपणा पण याच घरातला, काकडी-दुधी-भोपळा या कुटुंबात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात आणि झाडावर ताण आला, पाणी कमी पडलं, ऊन फार झालं की काही झाडांत त्यांचं प्रमाण वाढतं. थोडी कडवट देठाकडची बाजू कापून टाकली तर चालतं, पण फळ जहाल कडू लागलं तर मात्र ते खाऊ नका, शिजवून पण नाही, कारण शिजवल्यानं ते जात नाही आणि त्यानं पोटाला खरोखरीचा त्रास होतो. दुधीच्या बाबतीत तर आधी छोटा तुकडा जिभेला लावून बघायची सवय लावाच.

फुलं येतात आणि गळतात, फळ धरत नाही, ही उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी तक्रार. टोमॅटोचं म्हणाल तर दिवसाचं तापमान ३२ ते ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचं २१ ते २४ च्या वर राहायला लागलं की परागकण नीट तयार होत नाहीत किंवा रुजत नाहीत, आणि झाड फूल टाकून देतं. रात्रीचा आकडा लोक विसरतात, पण झाडाच्या दृष्टीनं तो तितकाच महत्त्वाचा. अशा लाटेत खत घालून काही होत नाही, झाड जिवंत ठेवायचं आणि हवा उतरायची वाट बघायची. भेंडी, वांगी त्यामानानं काटक. पिकायचं पण तसंच, टोमॅटोचा लाल रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते लायकोपीन ३० अंशांच्या वर नीट बनत नाही, म्हणून भर उन्हाळ्यात फळं पिवळट-केशरीच राहतात. फळावर पहिला गुलाबी रंग दिसला की तोडून घरात सावलीत ठेवा, २० ते २५ अंशांत ती झाडापेक्षा छान लाल होतात, आणि त्यासाठी खिडकीतलं ऊन लागत नाही.

काकडी, दुधी, भोपळ्याला नर आणि मादी फुलं वेगळी असतात, मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं, नराच्या मागे नुसता देठ. फार उष्णतेत आणि मोठ्या दिवसांत नर फुलं जास्त येतात, त्यामुळे फुलंच फुलं आणि फळ नाही म्हणून घाबरू नका. मधमाश्या फिरकत नसतील तर नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्यावर फिरवायचा. भोपळ्याची फुलं पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतात तेव्हा हे काम सकाळचं, दुधीची मात्र संध्याकाळकडे उमलतात. ग्रीनहाऊससाठी म्हणून विकतात त्या काकडीच्या बऱ्याच जाती परागीभवनाशिवायच फळ धरतात, तिथे उलट नर फूल आलं तर काढून टाकायचं, नाहीतर फळात बिया भरतात आणि आकार बिघडतो. बियांचं पाकीट वाचा, त्यावर लिहिलेलं असतं.

बरं, आता ग्रीनहाऊस. काच किंवा प्लास्टिक आत ऊन येऊ देते आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही असं शाळेत शिकवतात, ते अर्धंच खरं आहे. १९०९ मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं दोन खोकी केली, एकावर काच आणि दुसऱ्यावर सैंधव मिठाची पारदर्शक चकती, जी उष्णतेची किरणं पण सहज आरपार जाऊ देते, आणि दोन्ही खोकी जवळजवळ सारखीच तापली. म्हणजे तापण्याचं मोठं कारण हे की गरम झालेली हवा आत अडकते, वर उठून निघून जात नाही. हे आपल्या कामाचं आहे, कारण मग पहिला इलाज आपोआप कळतो, हवेला वाट द्या. आकडा बघा, भर दुपारी निरभ्र आकाशात जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १ किलोवॅट ऊन पडतं. २ मीटर बाय ३ मीटरचं छोटं ग्रीनहाऊस म्हणजे ६ चौरस मीटर, म्हणजे आत ६ हीटर लावून दार बंद केल्यासारखंच झालं. बाहेर ३० अंश असताना आत ४५ व्हायला फार वेळ लागत नाही.

गरम हवा वर जाते म्हणून छपरातली खिडकी सगळ्यात महत्त्वाची, आणि गार हवा आत यायला खाली झडप किंवा दार हवं, नुसतं एकच उघडलं तर प्रवाह तयार होत नाही. छपराच्या खिडक्यांचं क्षेत्र मिळून जमिनीच्या साधारण पाचव्या भागाएवढं असावं असं म्हणतात, बाजारात मिळणाऱ्या छोट्या तयार ग्रीनहाऊसमध्ये ते बहुतेक वेळा नसतं, मग काचेचा एखादा तुकडा उन्हाळ्यापुरता काढून तिथे जाळी लावणं हा मार्ग आहे. सकाळी उन्हं यायच्या आधी उघडा, तापल्यावर उघडून फक्त नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही. दिवसभर घरी नसणाऱ्यांसाठी मेणाचा दट्ट्या असलेला ऑटोमॅटिक ओपनर मिळतो, मेण तापून फुगतं आणि खिडकी ढकलतं, गार झालं की मिटतं, वीज लागत नाही. तो हळू चालतो हे लक्षात ठेवा. रात्री पण उघडं ठेवायला हरकत नाही, उन्हाळ्यात टोमॅटोला गार रात्र हवीच असते हे वर आलंच.

हवा खेळती करूनही तापत असेल तर सावली. शेडनेट आतून लावण्यापेक्षा बाहेरून लावा, कारण आतून लावली तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, जाळी ते अडवते पण स्वतः तापून उष्णता आतच सोडते. ३० ते ५० टक्के सावलीची जाळी भाजीला पुरते, ७५ टक्केवाली बरेच जण घेतात आणि मग फळभाज्या नुसत्या लांबलचक वाढून फळ धरत नाहीत. काचेवर बाहेरून पातळ चुना मारणं हा जुना आणि स्वस्त उपाय आहे, हवा उतरली की धुऊन टाकता येतो. ढगाळ दिवसात जाळी काढता आली तर काढावी, झाडाला उजेड हवाच आहे, नकोय ती फक्त वरची उष्णता.

तिसरा उपाय जमीन ओली करण्याचा. सकाळी आणि गरज पडली तर दुपारी ग्रीनहाऊसची वाट, फरशी, रॅकखालची जागा पाण्यानं भिजवायची. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, १ किलोवॅटचा हीटर ४० मिनिटांत जेवढी देतो तेवढी, ती आतल्या हवेतून खेचली जाते. दुहेरी फायदा, हवा गार होते आणि दमट होते म्हणजे झाडावरची ओढ कमी होते. पण खिडक्या उघड्या हव्यात, नाहीतर हवा एकदा वाफेनं भरली की पुढचं पाणी उडतच नाही आणि आत नुसती बाफ होते. ज्या ठिकाणी बाहेरची हवाच घामट असते तिथे हा उपाय लंगडा पडतो, तिथे सावली आणि पंखा यांच्यावर भिस्त ठेवावी. आणि एक कमाल-किमान थर्मामीटर आत सावलीत टांगा. आपण सकाळ-संध्याकाळ आत जातो तेव्हा सगळं बरं वाटतं, दुपारी दोनला काय होतं ते तोच सांगतो.

ग्रीनहाऊसमध्ये टोमॅटोला वारा नाही, माशी नाही, म्हणून दांड्याला दुपारच्या आधी हलकेच टिचकी मारा किंवा आधाराची दोरी झटका. टोमॅटोच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात पण पराग एका नळीत बंद असतो आणि टोकाच्या फटीतून हलवल्यावरच सांडतो. मोठ्या ग्रीनहाऊसमध्ये हे काम बंबलबी माश्या करतात, त्या फुलाला धरून थरथरतात. १९८० च्या दशकाच्या शेवटी युरोपात त्यांच्या पेट्या विकायला सुरुवात झाली, त्याआधी माणसं हातात थरथरणारी कांडी घेऊन फुलाफुलाला लावत फिरायची.

बांधणी आणि छाटणी थोडक्यात. उंच वाढणाऱ्या टोमॅटोची बगलफूट, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारा कोंब, लहान असतानाच बोटानं मोडा, झुडपासारख्या बुटक्या जातीची मात्र मोडू नका, तिथे फळं त्याच फांद्यांवर येतात. खालची पिवळी, मातीला टेकणारी पानं काढा. त्यापुढे हात आवरा, फळाला ऊन मिळावं म्हणून पानं ओरबाडणारे लोक दिसतात, पण फळाला ऊन लागत नाही, उलट उघडं पडलेलं फळ उन्हानं भाजून पांढरा कागदी डाग पडतो.

किडींमध्ये उन्हाळ्याचा खरा मानकरी लाल कोळी. कोरडी गरम हवा म्हणजे त्याचं राज्य, ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून मोठा व्हायला त्याला साधारण एक आठवडा पुरतो, २० अंशांना दोन आठवड्यांहून जास्त लागतात. म्हणजे एका महिन्यात पिढ्यांवर पिढ्या. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले की पान उलटून बघा, खाली पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालायला लागले तर तोच. वर सांगितलेली जमीन ओली करायची सवय त्याच्यावर पण औषध आहे, दमट हवा त्याला सोसत नाही, आणि पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारला तर बराच आटोक्यात येतो. मावा वेगळ्या पद्धतीनं वाढतो, उन्हाळ्यात त्याची मादी नराशिवायच जिवंत पिल्लं घालते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच तयार होत असते, म्हणून परवा दोन होते आज शेंडा काळा झाला असं होतं. कोवळ्या शेंड्यांवरचा मावा बोटांनी चिरडा, शेंडे पाण्यानं धुवा. लेडीबर्ड भुंगेरे आणि त्यांच्या काळपट काटेरी अळ्या दिसल्या तर काही फवारू नका, ते माव्यावरच जगतात. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, ग्रीनहाऊसमध्ये विशेषतः. साबणाचं पाणी किंवा नीम तेल मारायचं तर उन्हं कलल्यावर, आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा, आणि कपडे धुवायची पावडर वापरू नका, तिनं पानं जळतात.

भुरी म्हणजे पानावरची पांढरी पावडर, हिला पान ओलं असावं लागत नाही, उलट मुळाशी कोरडं आणि हवा कोंदट असली की काकडीवर, भोपळ्यावर ती पसरते. करप्याला याच्या उलट ओलं पान लागतं. दोन्हींवर निम्मा इलाज एकच, झाडं मोकळी ठेवा, वारा फिरू द्या, पाणी मुळाला द्या.

खतात घाई नको. सुकलेल्या झाडाला खत घालू नका, आधी पाणी, दुसऱ्या दिवशी खत, नाहीतर मातीतले क्षार वाढून मुळातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. फळं धरायला लागली की पालाश, म्हणजे पोटॅश, जास्त असलेलं पातळ खत आठवडा-पंधरा दिवसांनी पुरतं. कुंडीच्या कडेला पांढरी खार दिसायला लागली तर एकदा साधं पाणी खालून भरपूर निघेपर्यंत सोडून ती धुऊन काढा.

तोडणी मात्र रोजच्या फेरीत. भेंडी, काकडी, घेवडा एक दिवसाआड तोडा, कारण फळातलं बी पक्कं व्हायला लागलं की झाडाचं काम झालेलं असतं आणि ते नवी फुलं धरायचं कमी करतं. एक मोठी विसरलेली काकडी पानाआड राहिली तरी वेल मंदावते. सकाळी तोडलेला माल पाण्यानं भरलेला असतो, जास्त टिकतो.

पुढच्या हंगामाची तयारी पण याच दिवसांत येते. लेट्यूसचं बी बऱ्याच जातींत २७ ते ३० अंशांच्या वर रुजतच नाही, ते खराब नसतं, झोपलेलं असतं. ओल्या कागदात गुंडाळून एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग संध्याकाळी सावलीत पेरा. पालक, कोथिंबीर उगवतात पण मोठ्या दिवसांत आणि उष्णतेत पटकन फुलावर जातात, त्यामुळे थोडं थोडं आठ-दहा दिवसांनी टाकत राहा आणि कोवळं असतानाच कापा. गाजराच्या ओळीवर पेरल्यानंतर ओलं फडकं किंवा फळी झाकून ठेवायची, रोज उचलून बघायचं, पहिला कोंब दिसला की लगेच काढायची.

ज्यांचा उन्हाळा खरंच कडक असतो आणि वाफा रिकामा पडतो, त्यांनी त्याच उन्हाला कामाला लावावं. माती भुसभुशीत, सपाट करून भरपूर भिजवायची, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या आणि ४ ते ६ आठवडे तसंच ठेवायचं. वरचा थर ४५ ते ५५ अंशांपर्यंत जातो आणि तणाचं बरंच बी, मुळं कुजवणाऱ्या कितीतरी बुरशा मरतात. ही पद्धत इस्राएलमधल्या याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडली. काळं प्लास्टिक घेऊ नका, ते स्वतः तापतं आणि माती त्यामानानं कमी तापते. रिकामं ग्रीनहाऊस असेल तर हे सगळं आत करून दार-खिडक्या बंद ठेवता येतात, म्हणजे एरवी जी उष्णता बाहेर काढायची धडपड असते ती इथे आत हवी असते. प्लास्टिक काढल्यावर खोल नांगरू किंवा उकरू नका, खालची न तापलेली माती तिच्यातल्या बियांसकट वर येते. माती फारशी न हलवता वरच्या थरातच रोपं लावून घ्या आणि लगेच पाणी द्या.